पावडर कोटिंगचे पापुद्रे : तपासणी कुठे आणि कशाची करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पातळ पत्रा आणि जाड पट्ट्या वेल्डिंग करून बनवलेल्या भागांवर तुम्ही पॉलिएस्टर पावडरचे कोटिंग करता, म्हणजे कोरडी पूड विद्युतभाराने चिकटवून ओव्हनमध्ये भाजता. टाक्यांमध्ये बुडवून पूर्वप्रक्रिया (तेल काढणे, आम्लाने साफ करणे, धुणे आणि फॉस्फेटचा थर बसवणे), हाताने चालवायच्या दोन गन आणि एक बॉक्स ओव्हन अशी तुमची व्यवस्था आहे. पाठवण्यापूर्वी प्रत्येक जॉब (कोट केलेला भाग) नजरेखालून जातो, जाडी मोजली जाते आणि लॉटमागे एका पॅनेलवर (मालासोबत कोट केलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर) क्रॉस कट चाचणी, म्हणजे थरात जाळीसारख्या रेघा कापून तो सुटतो का हे पाहणे, होते. तरीही तीन-चार महिन्यांतून एखादा लॉट ग्राहकाकडून परत येतो, कारण जोडणी करताना बोल्टच्या भोवती टवके उडतात किंवा कडेपासून सबंध पापुद्रा सुटून येतो. परत आलेल्या लॉटचे तपासणी अहवाल मात्र निर्दोष असतात. म्हणून आणखी कोणते उपकरण घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

उपकरणाविषयी मी पुढे लिहितोच, पण त्याआधी अडचण नेमकी कशात आहे ते पाहू. तुमच्या टेबलावर मोजल्या जाणाऱ्या गोष्टी एका जागी ठरतात आणि ज्यामुळे माल परत येतो त्या गोष्टी दुसऱ्याच जागी ठरतात. कोटिंग धातूला किती घट्ट धरते हे टाक्यांमध्ये ठरते, ते किती चिवट होते हे ओव्हनमध्ये ठरते, आणि या दोहोंपैकी एकही गोष्ट तयार जॉबकडे पाहून कळत नाही. अर्धवट भाजलेला थर आणि व्यवस्थित भाजलेला थर शेजारी ठेवले तर पंचवीस वर्षे या धंद्यात काढलेल्या माणसालाही नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही; मला तरी येत नाही. तेव्हा अंतिम तपासणी आणखी कडक केल्याने तुमचे परत येणारे लॉट फारसे कमी होतील असे मला वाटत नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. कोल्ड रोल्ड पत्रा, वर स्केल (ऑक्साइडची पापडी) असलेली हॉट रोल्ड पट्टी, गॅल्व्हनाइज्ड पत्रा, अ‍ॅल्युमिनियम आणि ओतीव भाग या प्रत्येकाचे पूर्वप्रक्रियेचे गणित वेगळे असते. इपॉक्सी, हायब्रिड (इपॉक्सी-पॉलिएस्टर मिश्र) आणि पॉलिएस्टर या पावडरींचे भाजण्याचे तापमान आणि वेळ वेगवेगळी असते, आणि एकाच जातीतील दोन पुरवठादारांच्या पावडरीही सारख्या नसतात. खाली मी जे आकडे देतो आहे ते पोलादी भाग, झिंक फॉस्फेट (कोटिंगने धातूला धरावे म्हणून खाली बसवलेला स्फटिकांचा थर) आणि साधारण पॉलिएस्टर पावडर गृहीत धरून दिले आहेत. तुमच्या पावडरीच्या आणि रसायनांच्या माहितीपत्रकातील आकडे वेगळे असतील, तर तेच प्रमाण माना.

सुरुवात परत आलेल्या मालापासून करा, कारण सुटलेला पापुद्रा बरेच काही सांगतो. एक टवका चिमट्याने उचला, उलटा करा आणि दहा पट भिंगाखाली त्याची मागची बाजू आणि जॉबवरची उघडी पडलेली जागा, दोन्ही पाहा. खाली धातू स्वच्छ, चकचकीत असेल आणि टवक्याची मागची बाजू गुळगुळीत असेल, तर तिथे फॉस्फेट बसलेलेच नाही. बहुधा तेल शिल्लक होते. टवक्याच्या पाठीवर आणि धातूवर दोन्हीकडे राखाडी भुकटी दिसली, तर फॉस्फेटचा थर जाड आणि भरड होता आणि तो मधूनच फुटला आहे. टवक्याच्या पाठीला काळसर-निळसर कडक पापडी चिकटून आली असेल, तर ती ऑक्साइडची आहे. आणि टवका काचेसारखा कटकन मोडत असेल, खालचे फॉस्फेट मात्र जागच्या जागी असेल, तर दोष टाक्यांचा नाही. थर कच्चा राहिला आहे. हे निदान शंभर टक्के अचूक नसते, दोन कारणे एकत्रही येतात, पण शोध कोणत्या दिशेने घ्यायचा ते पाच मिनिटांत कळते.

ऑक्साइडबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तुमचे टवके बोल्टच्या भोकांभोवती आणि कडांवर उडत आहेत. हे भाग लेझर कटिंगने कापलेले असतील आणि कापताना ऑक्सिजन वापरला असेल, तर कापलेल्या कडेवर ऑक्साइडची पातळ, ठिसूळ पापडी तयार होते. साध्या अल्कधर्मी डिग्रीजिंगने (तेल काढण्याच्या धुण्याने) ती निघत नाही. कोटिंग या पापडीला उत्तम चिकटते आणि पापडी धातूला धड चिकटलेली नसते, त्यामुळे बोल्ट आवळला की दोन्ही एकत्र सुटतात. तुमचे पॅनेल कातरीने कापलेले असते, त्यावर पापडी नसते, म्हणून क्रॉस कट निर्दोष येतो. यावर उपाय तीनच : नायट्रोजनने कापून घ्यावे, कडा घासून काढाव्यात किंवा आम्लाच्या टाकीत पुरेसा वेळ द्यावा. कापणारा कारखाना दुसरा असेल, तर ऑर्डरवरच तसे लिहून द्यावे.

आता टाक्या. डिग्रीजिंग झाले की नाही हे पाहण्यासाठी पाण्याच्या पडद्यासारखी सोपी आणि फुकटची परीक्षा नाही. रिन्समधून (पाण्याने धुण्याच्या टाकीतून) बाहेर काढलेला जॉब अर्धा मिनिट उभा धरा. पाण्याचा पडदा सलग राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पडदा फाटून थेंब गोळा झाले, बेटे तयार झाली, तर तिथे तेल आहे. ही परीक्षा सकाळच्या पहिल्या जॉबवर करून समाधान मानू नका. सकाळी टाकी शांत असते, तेल वर तरंगत असते, कोणी ते काढूनही घेतलेले असते. दुपारी चार वाजता, त्याच टाकीतून पाचशे जॉब गेल्यावर, जॉब बाहेर येताना पृष्ठावरच्या तेलाच्या सायीतूनच वर येतो आणि धुतलेला भाग पुन्हा माखतो. टाकीचे तापमान आणि रसायनाची तीव्रता बरोबर असूनही हे घडते. म्हणून परीक्षा पाळीच्या शेवटी घ्यावी, आणि जॉबच्या आतल्या कोपऱ्यावर घ्यावी.

आम्लाच्या टाकीनंतरचे धुणे हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल वेल्डच्या फटींत आणि दुमडलेल्या कडांत शिरून बसते. ते नीट धुतले गेले नाही तर पुढे फॉस्फेटच्या टाकीत उतरून तिचे संतुलन बिघडवते, आणि जे फटीत उरते ते क्लोराइड काही महिन्यांनी कोटिंगखाली फोड आणते. रिन्सच्या टाकीत पाणी भरलेले आहे म्हणजे रिन्स चालू आहे असे होत नाही. ताजे पाणी खालून यावे आणि वरून वाहत राहावे. शेवटच्या रिन्ससाठी डीएम (क्षार काढलेले) पाणी वापरत असाल, तर त्याची वाहकता टाकीत मोजण्यापेक्षा जॉबवरून ठिबकणाऱ्या पाण्याची मोजा. इमारतींसाठीच्या अ‍ॅल्युमिनियम कोटिंगच्या क्वालिकोट या निकषांत या ठिबकणाऱ्या पाण्याची मर्यादा २० अंश सेल्सियसला ३० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी ठेवली आहे. पोलादासाठी तो नियम तुम्हाला लागू नाही, पण लक्ष्य म्हणून आकडा चांगला आहे.

फॉस्फेटच्या टाकीचे टायट्रेशन (द्रावणातील आम्लाचे मोजमाप) पाळीत किमान एकदा व्हावे. १० मिली द्रावण घेऊन त्यावर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड टाकत जायचे. ब्रोमोफिनॉल ब्ल्यूचा रंग बदलेपर्यंत जितके मिलिलिटर लागतील तितके फ्री अ‍ॅसिडचे पॉइंट, आणि फिनॉल्फ्थॅलिनचा रंग बदलेपर्यंत जितके लागतील तितके टोटल अ‍ॅसिडचे. दोन्ही आकडे पाहावेतच, पण लक्ष त्यांच्या गुणोत्तरावर ठेवावे, कारण फ्री अ‍ॅसिड वाढले की टाकी धातू खाते आणि थर नीट बसत नाही, तर ते फार कमी झाले की गाळ वाढतो आणि जॉबवर भुकटी बसते. नायट्राइटचा टोनर (फॉस्फेटची क्रिया वेगवान करणारे रसायन) वापरत असाल, तर त्याचे पॉइंटही सल्फॅमिक आम्लाच्या नळीत तपासावेत. तो काम नसतानाही आपोआप कमी होत जातो, म्हणून सुट्टीनंतरची पहिली बॅच नेहमी संशयित धरावी. फॉस्फेटपूर्वीच्या कंडिशनरच्या टाकीकडे तर बहुतेक ठिकाणी कोणी पाहतच नाही. टायटॅनियमचा कंडिशनर वापरात असो वा नसो, काही दिवसांत निष्प्रभ होतो, आणि मग फॉस्फेटचे स्फटिक बारीक आणि दाट बसण्याऐवजी मोठे, विरळ आणि ठिसूळ बसतात. पावडरखाली बारीक आणि पातळ थर हवा. प्रति चौरस मीटर दीड ते तीन ग्रॅम पुरे. जाड फॉस्फेट म्हणजे जास्त संरक्षण ही समजूत तेल लावून ठेवायच्या भागांसाठी ठीक असेल, पावडरखाली ती घातक ठरते. साध्या परीक्षेसाठी सुकलेल्या जॉबवरून पांढरे कापड दाबून फिरवा. कापडावर भुकटीचा पट्टा उमटला तर तो जॉब बूथमध्ये (पावडर मारण्याच्या कक्षात) जाऊ देऊ नका.

सुकवण्याबद्दल एवढेच की जॉब फटींसह कोरडा व्हावा, त्याला उघड्या हाताने कोणी शिवू नये, आणि फॉस्फेट झालेला माल रात्रभर बूथबाहेर टांगून ठेवू नये.

बूथमध्ये शिरण्यापूर्वी हुकांकडे पाहा. पावडर विद्युतभाराच्या जोरावर जॉबवर बसते आणि तो भार जमिनीत जाण्याची एकमेव वाट म्हणजे जॉब ते हुक, हुक ते हँगर, हँगर ते अर्थिंग. हुकावर मागच्या पाच-सहा फेऱ्यांचे भाजलेले कोटिंग बसले असेल, तर ती वाट बंद होते, कारण हे कोटिंग उत्तम विद्युतरोधक असते. मग ऑपरेटर पावडर बसत नाही म्हणून किलोव्होल्ट वाढवतो, हवेचा दाब वाढवतो, पावडर उडून जाते, सपाट भागावर जाड बसते आणि कोपरे उघडे राहतात. जॉब आणि जमीन यांच्यातील रोध १ मेगओहमच्या आत असावा, ही सुरक्षिततेच्या नियमांतीलही मर्यादा आहे, कारण भार साठलेल्या जॉबमधून ठिणगी उडून पावडरच्या ढगाला आग लागू शकते. हा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टवर रोध मोजणाऱ्या मीटरने) मोजावा. साधा मल्टिमीटर कमी व्होल्टवर चालत असल्याने कधीकधी फसवतो. माझा रिवाज असा होता की सोमवारी कोणतेही दहा हुक उचलायचे आणि मोजायचे. दोनपेक्षा जास्त नापास झाले तर सगळा गठ्ठा साफ करायला जाई. यात खर्च नगण्य आहे, आणि तक्रारी कमी होण्याचे प्रमाण मला इतर कोणत्याही उपायापेक्षा जास्त दिसले.

खोल कोपऱ्यांत पावडर शिरत नाही याचे कारण फॅरेडे परिणाम हे आहे. बल रेषा कडांकडे वळतात आणि पावडर त्यांच्यामागे जाते. अशा वेळी किलोव्होल्ट कमी करावेत, गनमधून जाणाऱ्या प्रवाहावर मर्यादा घालावी, आणि कोपरे आधी मारून सपाट भाग नंतर मारावा. ऑपरेटरची स्वाभाविक सवय नेमकी उलटी असते.

कॉम्प्रेसरची हवा आणि पावडरची साठवण यांवर फार लिहीत नाही. हवेच्या नळीसमोर पांढरा कागद काही मिनिटे धरला की तेल आणि पाणी दिसते. पावडरची खोकी थंड, कोरड्या जागी ठेवावीत, गार खोलीतून आणलेले खोके बूथजवळ काही तास बंदच ठेवून मग उघडावे, नाहीतर आत ओल धरते. परत गोळा केलेली पावडर चाळून, ताज्या पावडरीत ठरलेल्या प्रमाणातच मिसळावी. गोळा केलेल्या पावडरीत बारीक कणांचे प्रमाण वाढत जाते, ती नीट प्रवाही राहत नाही आणि भारही वेगळा घेते, त्यामुळे शनिवारी सगळी साठलेली पावडर एकदम संपवण्याची पद्धत म्हणजे सोमवारच्या तक्रारींची तयारी असते.

अचानक उद्भवणाऱ्या क्रेटरबद्दल मात्र एक अनुभव सांगतो. आमच्याकडे एकदा तीन दिवस प्रत्येक जॉबवर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडत होते. पावडर बदलली, हवेचा ड्रायर तपासला, टाक्या नव्याने भरल्या, काही फरक पडला नाही. शेवटी लक्षात आले की वेल्डिंग विभागाने ठिणग्या चिकटू नयेत म्हणून नवा स्प्रे आणला होता आणि तो सिलिकोनचा होता. सिलिकोन अत्यल्प प्रमाणातही पावडरला पसरू देत नाही आणि डिग्रीजिंगने सहज जात नाही. तेव्हापासून आवारात कोणताही नवा स्प्रे, वंगण किंवा हाताला लावायचे मलम आणण्यापूर्वी कोटिंग विभागाची सही लागते. लोक हसतात, पण नियम टिकून आहे.

आता ओव्हन, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तुमच्या वर्णनातील 'अहवाल निर्दोष आणि माल परत' ही खूण मी स्वतः भोगलेली आहे. मी काम पाहत होतो त्या कारखान्यात १ मिमी पत्र्याची झाकणे आणि १० मिमी जाडीच्या पट्टीचे ब्रॅकेट एकाच ट्रॉलीवर टांगले जात. ओव्हनचा पडदा २०० अंश दाखवी, ट्रॉली वीस मिनिटांनी बाहेर येई, आणि सोबत ०.८ मिमीचे चाचणी पॅनेल असे. पॅनेल प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण होई. ब्रॅकेट परत आल्यावर आम्ही प्रथम टाक्यांनाच दोष दिला आणि त्यात दोन आठवडे घालवले. मग उष्णतारोधक पेटीतील डेटा लॉगर मागवून चार थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) जोडली : एक हवेत, एक पॅनेलवर, एक झाकणावर, एक ब्रॅकेटच्या सर्वांत जाड जागी. पॅनेल आणि झाकण पाच-सहा मिनिटांत हवेच्या तापमानाजवळ पोचले. ब्रॅकेट, ट्रॉली बाहेर ओढली त्या क्षणी, १६८ अंशांवर होते आणि अजून चढतच होते. पावडरीची अट होती धातूचे तापमान २०० अंश झाल्यापासून दहा मिनिटे. म्हणजे ब्रॅकेटची दहा मिनिटे सुरूच झालेली नव्हती.

यात भौतिकशास्त्र साधे आहे. दोन्ही बाजूंनी तापणाऱ्या पत्र्याला तापायला लागणारा वेळ साधारण त्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दहा पट जाड भाग दहा पट सावकाश तापतो. शिवाय थंड लोखंडाची भरलेली ट्रॉली आत गेली की हवेचे तापमानही उतरते आणि ते परत चढायला वेळ जातो. डोळ्यांना फसवते ते पावडरचे वागणे. ती सुमारे १०० अंशांच्या पुढे वितळून पसरते, आणि थर गुळगुळीत, चकचकीत होतो. रेणूंची जोडणी, जिच्यामुळे थराला चिवटपणा येतो, ती त्यानंतर आणि वरच्या तापमानाला होते. म्हणून कच्चा थर दिसायला पूर्ण असतो, गेजवर जाडी बरोबर दाखवतो, क्रॉस कटही अनेकदा पार करतो, आणि पान्याचा दाब आला की काचेसारखा फुटतो.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की चाचणी पॅनेल त्या ट्रॉलीवरच्या सर्वांत जाड भागाइतके जाड असावे. ते शक्य नसेल, तर भंगारातील खरा जॉबच पॅनेल म्हणून फिरवावा आणि तोडून पाहावा. दुसरा असा की जाड आणि पातळ माल वेगळ्या ट्रॉलीवर जावा. एकत्र ठेवून वेळ वाढवला तर पातळ भागावर जास्त भाजण्याने रंग पिवळसर पडतो, विशेषतः पांढऱ्या शेडमध्ये आणि थेट गॅसच्या ओव्हनमध्ये. तिसरा असा की धातूच्या तापमानाचा आलेख महिन्यातून एकदा, आणि मालाची जाडी, ट्रॉलीची भरणी, बर्नर किंवा पंखा यांपैकी काहीही बदलले की लगेच काढावा. आलेख काढताना ओव्हन रोजच्यासारखा भरलेला असावा. रिकाम्या ओव्हनचा आलेख भिंतीवर लावायला चांगला, बाकी निरुपयोगी. थर्मोकपल खाली-वर आणि दाराजवळ-मागे अशा चारही कोपऱ्यांत फिरवून पाहावे, कारण दाराजवळचा कोपरा जवळजवळ प्रत्येक बॉक्स ओव्हनमध्ये थंड असतो.

रोजच्या तपासणीसाठी दोन परीक्षा पुरेशा आहेत. पहिली द्रावकाची : मिथाइल इथाइल कीटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने तीस वेळा पुढे-मागे घासायचे आणि अर्ध्या तासाने नखाने ओरखडून पाहायचे. पॉलिएस्टर थोडा मऊ पडतोच, त्यामुळे चांगल्या भाजलेल्या नमुन्याशी तुलना करूनच निर्णय घ्यावा, आणि खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून हे करावे. दुसरी आघाताची : ठरलेले वजन ठरलेल्या उंचीवरून पॅनेलवर टाकायचे आणि खळग्याभोवती तडे जातात का पाहायचे. जाड पॅनेलवर या परीक्षेचा खळगा उथळ पडतो, म्हणून तिथे भंगार जॉबची पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. कच्चा थर या वाकवण्यात टिकत नाही.

जाडी तुम्ही मोजता, ते चालू ठेवा, पण मोजण्याच्या पद्धतीत काही सुधारणा सुचवतो. गेज त्याच धातूच्या, त्याच आकाराच्या कोऱ्या जॉबवर शून्यावर आणा आणि शिमने (जाडी माहीत असलेल्या पातळ पट्टीने) तपासा, कडेजवळ आणि वक्र भागावर गेज वेगळे वाचन देते. गॅल्व्हनाइज्ड भागावर चुंबकीय गेज जस्ताचा थरही कोटिंगमध्ये धरते. ६० मायक्रॉन पावडर समजून तुम्ही प्रत्यक्षात ४० मायक्रॉन पाठवत असाल. सरासरी लिहू नका, किंवा सरासरीसोबत सर्वांत कमी वाचन लिहा. पाच जागी मोजून सरासरी किमान मर्यादेइतकी आणि एकही जागा त्या मर्यादेच्या ८० टक्क्यांखाली नाही, हा क्वालिकोटचा नियम व्यवहार्य आहे. ६० मायक्रॉनची अट असेल तर ४८ च्या खाली एकही जागा चालणार नाही. वरची मर्यादाही ठेवा. थर १०० मायक्रॉनच्या पुढे गेला की संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो, आणि जोडणीच्या क्रियेत पाण्याची वाफ सोडणाऱ्या पॉलिएस्टर पावडरींमध्ये पिनहोल (टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे) पडू लागतात. क्रॉस कटच्या रेघांचे अंतरही जाडीवर ठरते : पोलादावर ६० मायक्रॉनपर्यंत १ मिमी, त्यापुढे १२० पर्यंत २ मिमी, आणि २५० पर्यंत ३ मिमी. ८० मायक्रॉनच्या थरावर १ मिमीच्या कटरने काढलेला निकाल कोणाशीच ताडून पाहता येत नाही.

जाडीवर लक्ष ठेवण्याची आणखी एक रीत आहे, जिला गेज लागत नाही. पावडरची घनता दर घन सेंटिमीटरला १.५ ग्रॅम आणि थर ६० मायक्रॉन धरला, तर १ किलो पावडरमध्ये एक कणही वाया न जाता साधारण ११ चौरस मीटर क्षेत्र झाकले जाते. पाळीत किती क्षेत्र कोट झाले आणि किती किलो गेली याचा भागाकार रोज लिहा. हा आकडा सात-आठवरून अचानक पाचवर आला, तर हुक, गनचा इलेक्ट्रोड किंवा हवेचा दाब यांत काहीतरी बिघडले आहे, आणि ते रिजेक्शन वाढण्यापूर्वीच कळलेले असते.

येथवरचे एकत्र सांगायचे तर पाळीच्या शेवटी पाण्याच्या पडद्याची परीक्षा, पाळीत एकदा टायट्रेशन, सोमवारी हुकांचा रोध, रोज पावडरचा हिशोब, प्रत्येक ट्रॉलीमागे जाड पॅनेल, आणि महिन्याला ओव्हनचा आलेख. या नोंदी जॉबच्या लॉट क्रमांकाशी, पावडरच्या बॅच क्रमांकाशी आणि ट्रॉलीच्या वेळेशी जोडलेल्या असल्या तरच कामाच्या. आणि रिजेक्शनच्या वहीत 'खराब' हा शब्द लिहायला बंदी करा. क्रेटर, पिनहोल, कचरा, उघडा कोपरा, टवका असे नाव लिहिले, तर महिन्याअखेर कोणत्या दोषामागे लागायचे ते वहीच दाखवते.

आता तुमचा मूळ प्रश्न. पैसे एकाच उपकरणाला पुरणार असतील, तर ओव्हनचा डेटा लॉगर घ्या. विकत घेणे जड जात असेल, तर पावडरचा पुरवठादार सहसा महिन्यातून एकदा तो घेऊन येऊन आलेख काढून देतो, फक्त त्याला भरलेल्या ओव्हनवर काढायला लावा. त्यानंतर मेगर आणि वाहकता मीटर. मिठाच्या फवाऱ्याचे (गंज चाचणीचे) कपाट मात्र एवढ्यात घेऊ नका. त्यातील चाचणीला शेकडो तास लागतात, तोवर माल ग्राहकाकडे पोचलेला असतो. ती चाचणी पद्धत ठरवताना बाहेरून करून घ्यावी, रोजच्या नियंत्रणासाठी ती नाही.

राहिला परत आलेला माल. त्यावर सरळ दुसरा थर मारण्याचा मोह होईल, तो टाळा. खालचा थर धातूला धरून नसेल तर वरचा थरही त्याच्याबरोबर सुटेल, आणि तेव्हा तो दुप्पट जाडीचा पापुद्रा असेल. टवक्याची तपासणी पूर्वप्रक्रियेकडे किंवा ऑक्साइडकडे बोट दाखवत असेल, तर कोटिंग पूर्ण काढून पहिल्यापासून सुरुवात करण्याला पर्याय नाही. थर फक्त कच्चा असेल आणि अजून कुठे फुटला नसेल, तर तेच जॉब धातूच्या योग्य तापमानाला पुरेसा वेळ पुन्हा भाजून बहुतेक वेळा वाचतात. आधी दोन जॉब भाजा, थंड झाल्यावर एक व्हाइसमध्ये वाकवा, दुसऱ्यावर बोल्ट आवळून पाहा, आणि दोन्ही टिकले तरच उरलेल्या लॉटला ओव्हन दाखवा.